हत्तीच्या पावसाआधी सोयाबीन सोंगावं की थांबावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका शेतकरी भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. पत्र लांब आहे, त्यातलं मुख्य तेवढं देतो :

"सहा एकर कोरडवाहू. तीन एकर सोयाबीन, दोन एकर पऱ्हाटी (कपाशी) अन् त्यात तुरीच्या ओळी, नाल्याकाठी एक एकर बरड, त्यावर गवत. दोन बैल, एक गाय, एक म्हैस, चार बकऱ्या. घरचे पुण्याला कामाला आहेत, वावर मी आणि मामाजी (सासरे) पाहतो. पोळ्यापासून पाणी थांबलंच नाही. सोयाबीनची पानं गळाली, शेंगा तपकिरी झाल्या. मला वाटते दोन दिवस उघाड दिसली की सोंगून टाकावं. मामाजी म्हणतात, 'हत्ती (हस्त नक्षत्र) गेल्याबिगर पाणी जात नाही, दम धर.' पऱ्हाटीची खालची बोंडं सडून राहिली. नाल्याकाठचं गवत मात्र कमरेएवढं झालं. शेजारचे म्हणतात, यंदा चाऱ्याची चिंता नाही. हा पाऊस चांगला समजावा का वाईट? हरभऱ्याला ओल पुरेल का?"

ताई, चांगला की वाईट हा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या सगळ्यांची गाठ तिथंच आहे. सहा एकरांना मिळून हा प्रश्न एकदाच विचारला तर उत्तर सापडायचं नाही. तुमच्या सोयाबीनला हा पाऊस आता नको. तुरीला तो हवा आहे. हरभऱ्याला तो पेरायच्या आधीच मिळालेलं पाणी आहे. गवताला तो वाढवतोही आणि नासवतोही. तेव्हा एकेक तुकडा वेगळा धरून बोलू.

मामाजींचा हिशेब चुकलेला नाही, हे आधी सांगतो. सूर्य हस्त नक्षत्रात जातो २७ सप्टेंबरच्या आसपास आणि साधारण १० ऑक्टोबरला तिथून चित्रात. मान्सून पश्चिम राजस्थानातून परत फिरायची सरासरी तारीख १७ सप्टेंबर आहे. तिथून मागं सरकत तो विदर्भातून निघतो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे हत्ती बरसणार ही त्यांची धास्ती पोकळ नाही. पण आपल्या नक्षत्रांच्या म्हणी कोणत्या पिकांवर बेतलेल्या आहेत ते बघा. 'न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा', 'पडतील स्वाती तर पिकतील मोती'. एक धानाची, दुसरी रब्बीची. भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांना पहिली आजही लागू आहे : भारी धान सप्टेंबरअखेर निसवायला येतो तेव्हा बांधीत पाणी लागतं, आणि तोच पाऊस हलक्या धानाच्या कडपांवर ऑक्टोबरात पडला की दाणा जागच्या जागी अंकुरतो. सोयाबीन आपल्याकडं पसरलं ते १९८० नंतर. त्याच्यासाठी म्हण तयार व्हायला वेळच मिळाला नाही.

मामाजींच्या तरुणपणी वावरात गावरान ज्वारी असणार. ती लांब मुदतीची, पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या सुमाराला पक्व व्हायची. तिला दम धरणं मानवायचं. लवकर येणारी संकरित ज्वारी आली तेव्हाच परतीच्या पावसात कणसं काळी पडायला लागली आणि ज्वारी मागं हटण्यात त्या काळ्या दाण्याचाही वाटा होता. जूनअखेर पेरलेलं ९५ ते १०० दिवसांचं सोयाबीन तर नेमकं हत्तीच्या तोंडी पिकतं. म्हणून मामाजींचं पावसाबद्दलचं म्हणणं ऐका, सोयाबीनबद्दलचा निर्णय मात्र शेंगेकडं बघून घ्या.

शेंग कशी बघायची? वावराच्या चार जागी जाऊन पाच-पाच झाडं धरा. शंभरातल्या नव्वद-पंचाण्णव शेंगा तपकिरी झाल्या असतील तर पीक सोंगणीला आलं. आता दाणा काढून दाताखाली धरा. दात रुतला आणि खूण उमटली तर ओल आहे. कट् आवाज होऊन फुटला तर वाळलेला आहे. शेंगा अजून पिवळट-हिरव्या असतील तर या पावसानं त्यांचं फारसं बिघडत नाही, वावरात पाणी तुंबू दिलं नाही म्हणजे झालं. खरा धोका पिकलेल्या शेंगेला. ती भिजते, फुगते, उन्हात सुकते, पुन्हा भिजते. तीन-चार वेळा असं झालं की शेंगेची शिवण उकलते, दाणा सुरकुततो, काळपट डाग पडतात आणि पाऊस लांबला तर दाणा शेंगेतच कोंब काढतो. जेएस-३३५ सारखं जुनं वाण असेल तर ऊन पडल्याबरोबर शेंगा तडकायलाही लागतात. पिकल्यानंतर तुमच्या हातात आठ-दहा दिवस असतात, त्याहून जास्त नाहीत.

आता दोन दिवसांच्या उघाडीचं. ताई, दोन दिवस पुरत नाहीत. इथं माझं मत मामाजींकडं झुकतं, कारण वेगळं असलं तरी. उभं झाड वाऱ्यानं लवकर सुकतं आणि त्याच्या शेंगांवरून पाणी ओघळून जातं. सोंगून ओल्या जमिनीवर पसरलेल्या पेंढ्यांना वरून पाऊस आणि खालून ओल, दोन्हीकडून मार बसतो. म्हणून सोंगायचं ते पुढचे किमान चार दिवस कोरडे दिसत असतील तेव्हाच. हवामान खात्याचं मेघदूत ॲप मोबाईलवर घ्या, त्यात जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज मिळतो. आणि तीन एकर एका दिवशी पाडू नका. आधी उंचवट्यावरचं, जिथलं पाणी लवकर निघून गेलं ते एक एकर. ते मळून घरात आलं की पुढचं. मजूर एकदाच मिळतात, थ्रेशर दारात एकदाच येतो, ही अडचण मला ठाऊक आहे. तरीही शेजारच्या दोघांशी बोलून सोंगणी वाटून घेता आली तर घ्या. पावसाळी हंगामात सगळं एकदम जमिनीवर असणं हाच सगळ्यात मोठा जुगार असतो.

सोंगताना विळ्यानं बुडातून कापा, उपटू नका. उपटल्यानं मुळांची माती थ्रेशरमध्ये जाते, माल मातेरा होतो, आणि मुळावरच्या गाठींमधलं नत्र जे हरभऱ्याच्या कामी आलं असतं तेही वावराबाहेर जातं. पेंढ्या पातळ पसरा, दुसऱ्या दिवशी उलटा, मग लहान लहान ढीग करा. एकच मोठी गंजी घालू नका.

ही मोठी गंजी मी स्वतः घातली होती, म्हणून सांगतो. असाच ऑक्टोबर होता, आभाळ भरून आलं आणि घाईघाईनं साडेतीन एकरांचं ओलसर सोयाबीन एका जागी रचून वरून ताडपत्री चारही बाजूंनी दाबून बांधली. पाऊस पाच दिवस पडला. माल झाकला आहे म्हणून मी निश्चिंत होतो. सहाव्या दिवशी ताडपत्रीची एक कड उचलली तर आतून वाफ आली, गूळ जळल्यासारखा वास होता. हात आत घातला तो चटका बसून बाहेर काढला. ताडपत्रीच्या आतल्या अंगाला थेंब लोंबकळत होते, त्यांच्या खाली वीतभर थरात पांढरे कोंब. पाऊस वरून आत गेलाच नव्हता, माल स्वतःच्याच घामात सडला होता. दाणा मातीमोलानं गेला. त्याहून वाईट पुढं झालं : त्याचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, मी वाळवून जनावरांना घातलं आणि सात महिन्यांची गाभण म्हैस गाभडली. डॉक्टरांनी दावणीतलं कुटार हातात घेऊन झटकलं, धुळीसारखी काळी बुरशी उडाली. त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही.

म्हणून ताडपत्री पाऊस असेल तेवढ्यापुरतीच घाला, उघाड झाली की काढा, आणि बाजूंनी वारा खेळेल अशी बांधा. ढिगाखाली पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा थर द्या, म्हणजे जमिनीची ओल वर येणार नाही. रोज संध्याकाळी एक सब्बल ढिगाच्या पोटात खुपसून ठेवा, पंधरा मिनिटांनी काढून मधल्या भागाला हात लावा. सब्बल गरम लागली तर रात्र असो की दिवस, ढीग मोडून पसरा.

मळणी झाली की चांगला दाणा आणि डागी दाणा एकत्र करू नका. एका पोत्यात डागी दाणा मिसळला तर व्यापारी दहा पोत्यांचा भाव त्यावरून लावतो. हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात ती केंद्र सरकारनं १५ टक्क्यांपर्यंत वाढवली होती, पण दर वर्षी तशी सूट मिळेल असं धरून चालू नये. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. मळणीच्या दिवशीच्या ओल्या मालाला गावात मिळणारा भाव आणि चार उन्हं दाखवलेल्या मालाचा भाव यातला फरक तुम्ही स्वतः पाहिलेला असेल. दाराशी काटा लावणाऱ्याला त्याच संध्याकाळी सगळं देऊन टाकू नका.

आता चाऱ्याकडं येतो. पत्रात तुम्ही त्याला दोनच ओळी दिल्यात, मला मात्र तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच वाटली. 'यंदा चाऱ्याची चिंता नाही' असं हिरव्या सप्टेंबरात सगळेच म्हणतात.

हिशेब करून बघू. दोन बैल, गाय, म्हैस ही चार मोठी जनावरं. प्रत्येकाला दिवसाला सरासरी सात किलो कोरडा चारा धरला तर २८ किलो. जानेवारी ते जूनअखेर साधारण १८० दिवस. म्हणजे पन्नास क्विंटल, बकऱ्या सोडून. तीन एकर सोयाबीनचं कुटार किती निघेल? पानं वावरातच गळालेली असतात, त्यामुळं कुटार दाण्याइतकं किंवा थोडं जास्त निघतं. पंधरा-वीस क्विंटल धरा. तेही कोरडं निघालं तर. भिजून काळं पडलं तर ते चारा म्हणून शून्यच धरायचं. पूर्वी ज्वारीचा कडबा ही पोकळी भरायचा. आता आपण दाणा वाचवायला रात्र-रात्र जागतो आणि कुटार थ्रेशरच्या तोंडाशी पावसात पडून राहू देतो, मग मार्चमध्ये तेच विकत घेत फिरतो. ताई, दाण्याची ताडपत्री आणि कुटाराची ताडपत्री वेगळी ठेवा. एवढी एक गोष्ट केलीत तरी हे पत्र लिहिल्याचं सार्थक झालं असं मी मानीन.

उरलेले तीस क्विंटल येणार कुठून? काही तुरीच्या आणि हरभऱ्याच्या कुटारातून, बाकी त्या नाल्याकाठच्या एकरातून आणि धुऱ्यांवरून. गवत कमरेएवढं झालं म्हणजे चारा झाला असं नाही. मारवेल, शेडा, पवन्या ही आपली चांगली गवतं सप्टेंबरात फुलोऱ्यात येतात. फुलोऱ्यात कापलं तर त्यात कस असतो. बी धरून, गळून, काडी पिवळी झाली की उंची तेवढीच दिसते पण प्रथिनं निम्म्याच्या खाली गेलेली असतात. जनावर पोट भरून खातं आणि हाडं दिसायला लागतात. कुसळीचं तर बी पिकलं की त्याची टोकदार कुसळं जनावराच्या तोंडात, हिरड्यांत रुततात, बकऱ्यांच्या कातडीत शिरतात. ती फुलोऱ्यातच कापली पाहिजे.

इथंच परतीचा पाऊस पेचात टाकतो. कापायची वेळ हीच आणि वाळवायची सोय हीच नाही. कापून पडलेल्या गवतावर दोनदा पाऊस झाला की त्यातला कस पाण्याबरोबर धुपून जातो, मागं राहते ती काळी काडी. मी सांगतो तसं करा : एकराचे तीन भाग करा. एक भाग आत्ता रोज लागेल तेवढा कापून हिरवाच घाला. दुसऱ्या भागाचा मुरघास करा. त्याला ऊन लागत नाही, म्हणून पावसाळी दिवसांत तोच सोयीचा. कापलेलं गवत अर्धा दिवस सुकू द्या, मुठीत पिळल्यावर हात ओलसर व्हावा पण पाणी ठिबकू नये इतपत. त्याचे बारीक तुकडे करून मुरघासाच्या पिशवीत थर देऊन तुडवा, हवा राहू देऊ नका, तोंड घट्ट बांधा. गवतात साखर कमी असते, म्हणून थोडं गुळाचं पाणी शिंपडा; मक्याचे हिरवे ताट मिसळता आले तर आणखी चांगलं. दीड महिन्यानं पिशवी उघडा. वास आंबूस-गोडसर आला तर जमलं, कुजका आला तर त्या पिशवीत हवा राहिली होती. तिसरा भाग राहू द्या, ऑक्टोबरच्या मध्यावर आभाळ निवळलं की कापून वाळवा. त्याचं थोडं बी जमिनीवर पडू द्या, पुढच्या वर्षीचं कुरण त्यातूनच येतं.

गावच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर, जनावरं सोडत असाल तर मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस सोडू नका. काळ्या ओल्या जमिनीत खूर रुततो, गवताचा ठोंब उपटून येतो, आणि त्या जागी पुढं तरोटा आणि गाजरगवत येतं. लांबलेल्या पावसावर गाजरगवत दुसऱ्यांदा फुलतं, ते फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटा. सकाळी दहिवरानं भिजलेल्या लुसलुशीत गवतावर उपाशी बकऱ्या सोडल्या की पोट फुगतं. आधी मूठभर कोरडं कुटार खाऊ घाला, दहिवर उतरलं की मग सोडा. नाल्याच्या कडेच्या डबक्यांजवळ चारू नका, तिथल्या गोगलगायींमार्फत यकृतातल्या चपट्या कृमी जनावरात जातात. पावसाळा सरताना एकदा जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या, म्हैस गाभण असेल तर ते आधी सांगा. कोणाच्या वावरात ज्वारी कापलेली असेल आणि पावसानं बुडख्यांना कोवळे फुटवे आले असतील, तर तिकडं गुरं अजिबात जाऊ देऊ नका. किराळ (कोवळ्या ज्वारीतलं विष) लागून उभं जनावर तासाभरात जातं.

पऱ्हाटीसाठी पहिलं औषध फावडं. उताराच्या बाजूनं चर काढून तुंबलेलं पाणी बाहेर काढा. खालची बोंडं सडतात कारण तिथं ऊन-वारा पोचत नाही. एक बोंड हातात घ्या, टोकाशी सुकलेल्या फुलाची तपकिरी पाकळी चिकटलेली दिसेल. ती ओल धरून ठेवते आणि सड तिथूनच आत जाते. ओळीतून फिरताना या पाकळ्या काढत चला, सडलेली बोंडं वेचून वावराबाहेर नेऊन पुरा. उघाड मिळाली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम, याची फवारणी करा. त्यात कीटकनाशक, टॉनिक, विद्राव्य खत असं सगळं एकाच पंपात ढवळू नका. २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हाही असाच दमट सप्टेंबर-ऑक्टोबर होता आणि डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी होती. पऱ्हाटी उंच झाली असेल तर वाऱ्याच्या विरुद्ध न फवारता, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मास्क घालून फवारा. माणूस उपाशीपोटी पंप घेऊन जाता कामा नये.

पावसानंतर एकदम कडक ऊन पडलं आणि काही झाडं दुपारपर्यंत माना टाकून उभी दिसली, तर ती आकस्मिक मर आहे. मुळांना हवा मिळेना आणि वरून ऊन पाणी ओढतंय, असं होतं. पाणी काढून बुडाशी माती हलकी करा. त्याच दिवशी लक्ष गेलं तर बरीच झाडं उठतात. लांबलेल्या ओलीवर पऱ्हाटी पुन्हा पाती-फुलं धरेल, हिरवीगार दिसेल आणि फरदड ठेवायचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं राखायचा, मोह होईल. डिसेंबरच्या पुढं ठेवू नका, गुलाबी बोंडअळीला त्याच्याइतकं आवडतं दुसरं काही नाही. एकरी दोन कामगंध सापळे आत्ताच लावून ठेवा. पहिली वेचणी, तुमच्याकडं सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) होईल त्या दिवसाची, दहिवर सुकल्यावर करा. भिजलेला कापूस आणि कवडी (नीट न उमललेला डागी कापूस) वेगळी ठेवा, ओला कापूस घरात कोंबू नका. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत.

तुरीबद्दल थोडकंच. हा पाऊस तिला फुलोऱ्यापर्यंत नेईल. बुडाशी पाणी साचून खोडावर काळपट चट्टे दिसले तर ते झाड गेलं समजा, बाकीच्यांसाठी चर काढा.

हरभऱ्याला ओल पुरेल का? तीन एकरांतली माती किती खोल आहे त्यावर ते ठरतं. मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला घेता येईल असं दीड-दोनशे मिलिमीटर पाणी मुरून राहतं. त्यावर हरभरा बऱ्यापैकी येतो, मधे एखादी स्वाती बरसली तर फारच छान. फूटभर मातीखाली मुरूम असेल त्या तुकड्यात मात्र हरभरा पेरू नका, नोव्हेंबरातच सुकायला लागेल. तिथं बैलांसाठी चाऱ्याची ज्वारी टाका, मिळेल तेवढी मिळेल. रोही (नीलगाई) आणि डुकरं आधी येतील हे खरं, म्हणून तो तुकडा घराजवळचा असेल तरच.

सोयाबीन उचललं की नांगरू नका, ओल उडून जाईल. वखराची एक हलकी पाळी द्या. पेरणीचा दिवस असा ओळखा : चार-पाच बोटं खालची माती घेऊन मुठीत दाबा, गोळा करून कमरेच्या उंचीवरून सोडा. पडून तसाच चिकट राहिला तर थांबा, फुटून मोकळा झाला तर वाफसा आला. घाईनं चिखलात पेरलेला हरभरा मर रोगात जातो. कोरडवाहू हरभरा १० ऑक्टोबरच्या आसपास पेरून व्हावा, पावसानं लांबवलं तर चार-आठ दिवस पुढं गेलं तरी चालेल. जॅकी-९२१८ तुमच्या भागात चांगला येतो. एकरी तीस किलोच्या आसपास बियाणं, किलोला चार-पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून, आठ-दहा सेंटिमीटर खोल, म्हणजे बी ओलीत पडेल.

नुकसानीचं कागदोपत्री काम मामाजींवर सोपवा. २०२५ च्या खरिपापासून राज्यात पीकविम्याचे नियम बदलले आणि भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगावर आली, त्यामुळं तुमच्या पावतीवर यंदा नेमकं काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या. विमा असो-नसो, ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान दिसत असेल तर तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहायकांना (आता सहायक कृषी अधिकारी) लेखी कळवून पंचनामा मागा. उभ्या पिकाचे, तुंबलेल्या पाण्याचे फोटो आजच काढून ठेवा, सोंगल्यावर दाखवायला काही राहत नाही. आणि मोबाईलमध्ये दामिनी ॲपही घ्या. परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. तुम्ही आणि मजूर बाया वावरात असाल तर झाडाखाली जाऊ नका, विळे हातातून टाका आणि पक्क्या घराकडं निघा; तेवढा वेळ नसेल तर पाय जवळ घेऊन सखल जागी उकिडवं बसा.

एक काम अजून. उंचवट्यावरच्या त्या पहिल्या एकरातलं, सोंगल्यावर पावसात न भिजलेलं सोयाबीन पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी वेगळं काढा. थ्रेशरवाल्याला फेरे कमी ठेवायला सांगा, मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या वर नकोत. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, आपटलं की उगवण जाते. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा आणि चारपेक्षा जास्त एकावर एक रचू नका. दिवाळीनंतर त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून पाणी शिंपडत राहा आणि सातव्या दिवशी उलगडा. सत्तर किंवा जास्त कोंब निरोगी असतील तर बियाणं विकत घ्यायची गरज नाही. मोजणी मामाजींसोबत बसून करा, आणि किती निघाले तो आकडा मला कळवा.